तुडवायचा गालिचा

कॉर्पुस क्रिस्तीच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाच्या सणाला आमच्या गावात रस्ताभर लाकडाच्या भुशाचा गालिचा घालतात आणि तो भुसा माझ्या लाकडाच्या वखारीतला असतो. म्हणून या विषयावर बोलायचा हक्क मला इतरांपेक्षा जास्त आहे, असं मी समजतो. बायको तसं समजत नाही, ते सोडा.

पहाटेपासून घरोघरची माणसं दारासमोर रंगवलेला भुसा पसरतात. कोणी कबुतर काढतं, कोणी कोकरू, कोणी द्राक्षांचा घड. दुपारी मिरवणूक निघते, फादर त्या चित्रांवरून चालत जातात आणि मागून सगळं गाव जातं. पोरं धावत घरी येऊन सांगतात, आपल्या कोकराच्या बरोब्बर नाकावर पाय पडला. चित्र तुडवलं गेलं की त्या घराला बरं वाटतं.

आमच्या गावातली दोना लेओनोर, म्हणजे लेओनोरबाई, शाळेचे गणवेश शिवायची. उरलेले कापडाचे तुकडे जमिनीवर मांडून बघत बसायची. पुढे पिठाच्या पोत्यांवर रंगवायला लागली. एक निळा तुकडा, त्याला टेकलेला विटकरी, मध्ये पांढरी जागा. झाड नाही, माणूस नाही. गाव नाक मुरडायचं, आणि मीही त्यातलाच.

"दोना लेओनोर, हे उलटं टांगलं तर कोणाला कळेल का?" मी एकदा विचारलं.

"मला कळेल. तुला उलटा टांगला तर तुझ्या बायकोला कळेल की नाही, त्याची मात्र शंका आहे."

तरुणपणी एका वर्षी चर्चच्या दारासमोरची जागा तिच्या वाट्याला आली. तिथेही तिने तेच काढलं. सणाची सगळी व्यवस्था तेव्हापासून दोना एपोनीनाकडे आहे. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"यात देव कुठे आहे?"

"त्या पांढऱ्या जागेत फादरांचा पाय पडू दे, मग दिसेल," लेओनोर म्हणाली.

पाय पडलाच नाही. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांना त्यात ना क्रूस दिसला ना कोकरू. त्यांनी झगा उचलला आणि ते कडेने गेले. त्यांच्यामागून गावही कडेने गेलं. संध्याकाळी मी भुसा गोळा करायला गेलो, तर सगळ्या रस्त्यावर तिचा एकटीचा गालिचा जसाच्या तसा होता.

"किती छान राहिलाय," मी मूर्खासारखं बोललो.

"राहण्यासाठी नव्हता केला," ती म्हणाली आणि स्वतःच झाडायला लागली.

त्यानंतर तिने गालिचा घातला नाही. चित्रं काढत राहिली, तोच निळा, तोच विटकरी, तीच पांढरी जागा. साओ पावलो शहरातून लोक गाड्या घेऊन आले, चित्रं नेली, मोठमोठ्या दालनांत लावली. ती एकदा बघायला गेली होती. परत आल्यावर म्हणाली, "चित्रांपुढे दोरी बांधतात. सगळे लांबून बघतात."

यंदा ती काठी टेकत वखारीत आली. गुडघे पार गेलेत तिचे.

"बारीक भुसा दे. चर्चसमोरची जागा मागून घेतलीय."

"एपोनीनानं दिली?"

"तोंड वाकडं करून दिली. एकदा त्यावरून फादरांना चालताना बघायचंय मला. डोळे आहेत तोवर."

सणाच्या सकाळी ती स्टुलावर बसून काठीने दाखवत होती आणि भुसा पसरत होती खुद्द एपोनीना, गुडघ्यांवर बसून, कुरकुरत.

"कड वाकडी येतेय."

"वाकडीच हवी."

गालिचा झाला आणि नगरपालिकेची माणसं आली. आपल्या गावची थोर चित्रकार म्हणून त्यांनी मोठ्या अभिमानाने भोवती खांब रोवले, दोरी बांधली, पाटी लावली, कृपया पाय ठेवू नये. मी भांडलो, पण माझं कोण ऐकतं. लेओनोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मिरवणूक आली. नवे फादर एवांद्रो शहरात शिकलेले, तिचं नाव त्यांना चांगलं ठाऊक. गालिच्यापाशी ते थांबले, आदराने मान झुकवली आणि कडेला वळले. लेओनोरने डोळे मिटून घेतले.

एपोनीना सर्वांत पुढे निशाण घेऊन चालत होती. तिने ते माझ्या हातात कोंबलं, मागे येऊन दोरी सोडली आणि पाटी उपटून भिंतीला टेकवली.

"फादर, इथून जायचं."

"दोना एपोनीना, एवढी सुंदर कलाकृती, जपायला हवी," ते हळूच म्हणाले.

"जपायची चित्रं तिच्या घरात ढीगभर पडलीत. ही बाई जन्मभर एका पावलासाठी थांबलीय. ठेवा पाय."

फादरांनी एकदा लेओनोरकडे पाहिलं. तिने डोळे उघडले होते. मग ते निळ्यावरून चालत पांढऱ्या जागेत आले, आणि तिथे त्यांचं निळं पाऊल उमटलं. मागून गाव आलं. निशाण धरून मीही गेलो. निळा, विटकरी, पांढरा सगळा एक झाला.

गर्दी आत गेल्यावर एपोनीना स्टुलाशी येऊन उभी राहिली. दोघी त्या तुडवलेल्या भुशाकडे बघत होत्या.

"दिसला का?" लेओनोरने विचारलं.

एपोनीनाने डोळे पुसले. "दिसला. पण कड वाकडीच होती."