सरासरी माणसाचं माप

बंदुकांसाठी नावाजलेल्या फर्लाख गावात बंदुकीचा दस्ता हाताने घडवणारा आता एकच उरला होता, फोल्टी वुटे, आणि त्याची जीभ म्हणजे त्याच्याच दुकानातली कानस. गिऱ्हाईक बव्हेरियाचा जमीनदार असो की गावचा खाटीक, फोल्टी त्याला दुकानाच्या मधोमध उभं करी, हातात कच्चा दस्ता देई आणि म्हणे, "डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा." उघडताच नजर नळीवरून सरळ समोर गेली तर माप बरोबर. नाही गेली तर चूक लाकडाची, माणसाची नव्हे. अठ्ठेचाळीस वर्षं हाच शिरस्ता.

गावच्या कारागिरांच्या संघाने ठरवलं, सगळ्यांनी मिळून एक शिकारी रायफल घडवायची, तिचा लिलाव करायचा आणि त्या पैशांतून नव्या मुलामुलींना कसब शिकवायचं. नळी एकाची, नक्षी दुसऱ्याची, मजुरी कुणीच घ्यायची नाही. फोल्टी तयार झाला, पण शिकणाऱ्यांतली एक जागा दस्त्याच्या कामाला हवी, या अटीवर. संघाचा अध्यक्ष एगॉन कोरेन त्याचा शाळासोबती. तो म्हणाला की दस्ते आता यंत्रावर निघतात, हे शिकायला येतंय कोण? येल्का येतेय, फोल्टीने सांगितलं. एकोणीस वर्षांची, सुतारकाम शिकलेली ही मुलगी दोनदा दुकानात येऊन गेली होती. तिची नखं तुटकी होती आणि फोल्टीला ती आवडली ती त्या नखांमुळेच. शेवटी तडजोड झाली. बोली साठ हजार युरोंच्या वर गेली तर दोन जागा, एक नक्षीकामाची आणि एक दस्त्याची. खाली राहिली तर नुसती नक्षीकामाची.

पण घोडं अडलं मापाशी. लिलावाच्या रायफलीला मालकच नव्हता.

"सरासरी माणसाचं माप धर," कोरेन म्हणाला.

"धरतो की. घेऊन ये त्याला, उभा करतो इथं."

तीन आठवडे अक्रोडाचा ठोकळा तसाच पडून राहिला. स्वतःचं माप घ्यावं तर पाठीला बाक आलेला. कोरेनचं घ्यावं तर त्याची मान बैलाची. मग एका सकाळी काही न ठरवता फोल्टीने पटाशी उचलली आणि हात चालू लागला. धातूला दिव्याची काजळी फासायची, लाकडावर टेकवायची, काळं उमटेल तिथे केसभर खरवडायचं, पुन्हा टेकवायचं. असं शंभरदा. त्या दिवसांत तो गुणगुणत होता म्हणे, शेजारणीने ऐकलं. बायको रेझी गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याच्या घरातून आवाज असा येतच नव्हता.

लिलावाला दहा दिवस उरले असताना कोरेन रायफल बघायला आला. त्याने डोळे मिटून ती खांद्याला लावली आणि स्वतःचाच अंगठा नाकावर आपटून घेतला.

"अरे, बुटक्यांसाठी केलीस की काय?"

फोल्टीने मोजलं. दस्ता दोन बोटं आखूड होता. त्याने पुन्हा मोजलं आणि तो स्टुलावर बसला. हे माप त्याला कुठे शोधावं लागलं नाही. रेझी तीस वर्षं त्याच्याबरोबर डोंगरात शिकारीला गेली होती. सरासरी माणूस शोधता शोधता हाताने घरचंच माणूस धरलं होतं.

"रेझीचं आहे," तो म्हणाला.

कोरेनचा चढलेला आवाज खाली आला. रेझीच्या हातच्या, पुदिना घातलेल्या चीजच्या करंज्या त्याने अर्धा जन्म खाल्ल्या होत्या. राहू दे मग, तो म्हणाला, एखादी ठेंगणी बाई घेईल. एवढ्या किमतीला अशी कुणी यायची नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दस्ता वाढवणं अवघड नव्हतं. पण रेझीचे कपडे चर्चला देऊन झाले होते, तिची रायफल भाच्याकडे गेली होती. तिच्या अंगाबेताची वस्तू जगात ही एकच, आणि तीही नकळत झालेली. फोल्टीला वाटलं, आपण तिला दुसऱ्यांदा पुरायला निघालोय. दोन दिवस त्याने रायफलीला हात लावला नाही. रडला, हेही खरं. मग येल्काचा फोन आला. बेकरीत नोकरी मिळतेय, घेऊ की थांबू, असं ती विचारत होती.

"थांब," फोल्टी म्हणाला.

दस्त्याचा कापून टाकलेला तुकडा शेगडीजवळच्या जळणात होता, अजून जळला नव्हता. मध्ये म्हशीच्या शिंगाची पातळ काळी पट्टी घालून त्याने तो पुन्हा जोडला आणि घासून एकजीव केला. लिलावात सगळ्यांना भुरळ घातली ती त्या काळ्या रेघेने. ही खास फर्लाखची पद्धत, असं कोरेनने वर्तमानपत्रवाल्याला बेधडक सांगून टाकलं. ग्राट्सच्या एका उंच डॉक्टरने एकाहत्तर हजारांना रायफल घेतली. त्याने खांद्याला लावून डोळे उघडले तेव्हा नजर बरोबर समोर गेली.

सप्टेंबरात येल्का कामाला लागली. पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या त्या रायफलीच्या फोटोला नाक लावून ती बराच वेळ उभी राहिली.

"उस्ताद, ही रेघ शोभेची नाही. दोन्हीकडे लाकूड एकाच ठोकळ्याचं आहे. तुम्ही आधी कापलंत आणि मग परत जोडलंत."

साऱ्या गावाला जे दिसलं नव्हतं ते हिला दिसलं. फोल्टीला बरंही वाटलं आणि पकडले गेल्यासारखंही.

"दोन बोटं कमी पडली होती."

"कुणाच्या मापाने केला होतात?"

"बायकोच्या."

"केवढ्या होत्या त्या?"

आकडा त्याला पाठ होता. पण त्याने तळहात आडवा करून आपल्या हनुवटीखाली, गळ्याच्या हाडाशी धरला. "एवढी," तो म्हणाला, आणि तो हात खाली घ्यायला त्याला बराच वेळ लागला.