टर्बोच्या बटणावरची चिकटपट्टी

मांजरसुंब्याच्या किराणा दुकानदाराची लेक रुद्राणी. बी.एस्सी. झाली आणि रोज एसटीनं बीडला, लांबच्या नात्यातल्या कल्याणरावांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला जाऊ लागली. शिकवता शिकवता दोन वर्षं खपून तिनं एक लायब्ररी लिहिली. म्हणजे पडदा, डिस्क, घड्याळ सांभाळणारे छोटे छोटे प्रोग्राम; त्यांच्या जिवावर इतरांनी मोठे लिहायचे. पुण्याची एक कंपनी ती घ्यायला तयार होती.

अठ्ठ्याण्णव साली क्लासात नवं मशीन आलं आणि घोळ झाला. लायब्ररी तपासायला तिनं चाचण्या लिहिल्या होत्या. जुन्या मशीनवर एकेचाळीसच्या एकेचाळीस पास. नव्या प्रोसेसरवर चाळीसच. 'एक सेकंद थांब' म्हटलं तरी पठ्ठ्या थांबतच नव्हता.

कल्याणरावांचा पुण्याहून आलेला भाचा रविराज म्हणाला, "मामा, ती चाचणीच काढून टाकू. कोण बघतंय?"

"काढ. आन् उद्यापासून हे काम तूच बघ. पोरीच्या जातीला लई झालं."

रुद्राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं हिनं मरमर मरायचं आणि हा दीडशहाणा ताप आला म्हणून थर्मामीटरच फोडणार!

"चाचणीला हात तर लावून बघ," ती रविराजवर कडाडली. "काका, मला आजचा दिवस द्या."

घड्याळाच्या एका ठोक्यात प्रोसेसर किती फेऱ्या मारतो, हे लायब्ररी सुरुवातीलाच मोजायची आणि त्यावरून सेकंद ठरवायची. रुद्राणीनं तो आकडा दोन्ही मशीनवर काढला. जुनं मशीन, चोवीस हजार. नवं, दहापट वेगाचं, आणि आकडा नऊ हजार! अहो, कसं शक्य आहे? मग तिच्या ध्यानात आलं. ज्या रकान्यात तो आकडा ठेवला होता त्यात पासष्ट हजारांच्या थोडं वरपर्यंतच मावत होतं. त्यापुढं मोजणी पुन्हा शून्यापासून. रकाना तिनंच ठरवलेला. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं तिला झालं.

पण दोन वर्षांत हे एकदाही कसं दिसलं नाही? तिची नजर जुन्या मशीनच्या टर्बो बटणावर गेली. ते दाबलं तरच मशीन पूर्ण वेगानं पळायचं. कल्याणरावांनी पहिल्याच दिवशी मशीनची पूजा केली, नारळ फोडला आणि बटणावर चिकटपट्टी मारली. माणूस जन्मभर पंपाच्या मोटारी विकलेला. लई पळवलं की जळतंय, एवढंच त्याला ठाऊक.

तिनं पट्टी टर्रकन ओढली, बटण दाबलं, चाचण्या लावल्या. चाळीस पास. जुन्या मशीनवरही तीच एक नापास!

"काका, हितं या! नव्या मशीनचा काय बी दोष न्हाई. माझा रकाना ल्हान पडला. ह्याला पळू दिलं असतं तर पयल्या दिशीच कळलं असतं!"

"म्हंजी चूक तुझीच निघाली की," कल्याणराव म्हणाले.

"व्हय, माझीच. पर तुमचा भाचा ती झाकून पुण्याला धाडत होता. मी हुडकून काढली."

तिनं रकाना मोठा केला आणि दोन्ही मशीनवर चाचण्या चालवून दाखवल्या. इकडं एकेचाळीस, तिकडं एकेचाळीस. रविराज खिडकीबाहेर रिक्षा बघत बसला.

"बरं बाई, काम तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," कल्याणराव पुटपुटले, आणि सवयीनं त्यांचा हात टेबलावर चिकटपट्टी शोधू लागला. ती रुद्राणीनं केव्हाच उचलून आपल्या पर्समध्ये टाकली होती.