सरोजाक्कांची कात्री

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या सरोजाक्कांनी मला मदत केली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की या बाईनं ह्या पोराचं वाटोळंच केलं असणार. तसं नाही. नववीत शाळा सोडून निपाणीहून बेंगळुरूला आलेल्या माझ्यासारख्याला आज जे काम आहे, ते त्यांच्यामुळे आहे. आणि त्यांची कात्री शेवटी माझ्या हातात आली तेव्हा मी त्यांच्याशी जसा वागलो, तेही त्यांच्यामुळेच.

तळहातावर मावणाऱ्या, पत्र्याच्या खेळण्यातल्या गाड्या असतात. त्या नुसत्या कपाटात न ठेवता त्यांच्यासाठी रस्ता, पेट्रोल पंप, गॅरेज, चहाची टपरी असं सगळं त्याच मापात बनवणारे लोक आहेत. त्या देखाव्याला डायोरामा म्हणतात. बेंगळुरूत अशा लोकांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी जयनगरमधल्या एका दुकानावरच्या हॉलमध्ये ते जमतात. बहुतेक जण कंप्युटरवाले. मी तेव्हा महादेवपुऱ्यात एका गोदामात पॅकिंगला होतो. तिथल्या टाकाऊ थर्माकोल आणि खोक्यांपासून मी एक गॅरेज बनवलं होतं. त्याचा फोटो फोनवर फिरत फिरत ग्रुपच्या कार्तिकपर्यंत गेला आणि त्यानं मला बोलावलं. कार्तिक सॉफ्टवेअरवाला, ग्रुपचं सगळं तोच बघायचा.

पहिल्या रविवारी मी माझं गॅरेज, दारात एक गाडी आणि बाजूला एक झाड, असं टेबलावर ठेवलं आणि मागे हात बांधून उभा राहिलो. सगळे “सुपर, सुपर” म्हणत होते. मग गर्दीतून एक पांढऱ्या केसांच्या बाई पुढे आल्या. गळ्यात शिंप्याची टेप. त्यांनी हनुवटी टेबलावर टेकली, एक डोळा मिटला आणि दुसरा माझ्या गाडीच्या काचेसमोर आणला. बराच वेळ तशाच. नंतर मला कळलं की त्या नेहमी असंच बघतात, गाडीत बसलेल्या ड्रायव्हरच्या उंचीवरून. मग त्यांनी पिशवीतून कात्री काढली, टोकानं माझं झाड मुळासकट उपटलं आणि शेजारी ठेवलेल्या आपल्या स्टीलच्या डब्यात टाकलं. तारेचं झाड ते, टण्णकन वाजलं.

“हे झाड नाही, झाडू आहे,” त्या मराठीत म्हणाल्या. “कुठला तू?”

“निपाणीचा.”

“मग निपाणीत झाडं नाहीत काय?”

लोक हसले. मराठी कळत नसलेलेही हसले. त्या दिवसापासून मी निपाणी झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. फोनवर आईशी बोलणं सोडलं, तर आठवड्यात कानावर पडणारी मराठी एवढीच होती आणि ती सगळी अशी. तरी मी रविवारची वाट बघायचो.

अक्कांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि धंदा शिवणाचा. त्यांचे वडील, अप्पा, कँटोनमेंटमधल्या साहेबांचे कोट शिवायचे. आता त्याच जागी अक्कांचं बटणं, हुक आणि अस्तराचं दुकान आहे, वर घर. लग्न केलं नाही. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांची बरीचशी विद्या दुकानातनंच आलेली. शिंप्याचा खडू सँडपेपरवर घासून जी भुकटी पडते ती रस्त्यावर ब्रशनं मारायची, झाली धूळ. दोऱ्याला मेण लावून ओढायचा, झाली विजेची तार. लोखंडी घासणी व्हिनेगरमध्ये भिजत घालायची, चार दिवसांनी ते पाणी म्हणजे गंज.

यातलं काहीही त्यांनी कुणापासून लपवलं नाही. “ग्रुपमध्ये कुणी कृती लपवली तर त्यानं घरी बसावं,” हा नियम त्यांचाच. पण त्याला त्यांनी एक शेपूट जोडलं होतं. “विचारलंस तर सगळं सांगीन. नाही विचारलंस तर बघत बसीन.”

त्या बघत बसतात म्हणजे काय, ते मला बसच्या वेळी कळलं. मी एक मोडकी बस बनवली होती, खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक, आत सीट, सीटवर माणसं. महिनाभर रोज ड्यूटीवरून आल्यावर तिच्यावर काम करत बसायचो. त्या रविवारी हॉलमध्येच शेवटची दोन माणसं सुपर ग्लूनं चिकटवली आणि धूळ बसू नये म्हणून लगेच बस डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. अक्का समोर बसून चहा पीत होत्या. झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा पीत राहिल्या.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर डबा उघडला. खिडक्या पांढऱ्या पडल्या होत्या. सगळ्या. आतली माणसं दिसेनात. बंद डब्यात त्या गोंदाची वाफ कोंडते आणि प्लास्टिकवर बसते, हे मला माहीत नव्हतं. वर माझ्या बोटांचे ठसे त्या पांढऱ्यात उमटले होते, रेघन्‌रेघ.

“धुकं आणलंस,” अक्का म्हणाल्या. “आणि सही पण केलीस. पोलिसांना त्रास नको.”

हॉल हसत होता. मी विचारलं, “अक्का, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“विचारलंस काय?” त्यांनी कात्री उघडली आणि एक एक खिडकी काढून आपल्या स्टीलच्या डब्यात टाकायला लागल्या. “सांगितलं असतं तर ऐकून विसरला असतास. आता जन्मभर झाकण लावताना थांबशील.”

त्यांचं म्हणणं खरं झालं म्हणून ते बरोबर होतं, असं मला वाटत नाही. त्या दिवशी बसमध्ये उभा राहून रडत मी महादेवपुऱ्याला गेलो. कंडक्टर दोनदा म्हणाला, “स्वल्प पुढे व्हा.” पण त्यानंतर मी विचारायला लागलो. काहीही करायच्या आधी विचारायचो, मूर्खासारखं, सारखं. अक्का शिव्या घालायच्या आणि शेवटच्या टोकापर्यंत सांगायच्या. प्रश्न विचारल्यावर त्यांनी अर्धवट उत्तर दिलंय, असं कधी झालं नाही.

गोदामातलं कंत्राट संपलं तेव्हा मी घाबरून गेलो होतो. बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेलं बनवणारी एक वर्कशॉप होती. तिथला मालक पूर्वी ग्रुपमध्ये यायचा, अक्कांनी त्याचंही बरंच काही डब्यात टाकलेलं. मी गेलो तेव्हा त्यानं शिक्षण विचारलं, मी नववी म्हणालो. मग त्यानं माझ्यासमोरच अक्कांना फोन लावला. स्पीकरवर होता.

“हा निपाणी कसा आहे?”

“मूर्ख आहे,” अक्का म्हणाल्या. “पण विचारतो.” आणि फोन ठेवला.

सोमवारी मी कामावर हजर झालो. पेढे घेऊन दुकानात गेलो तर म्हणाल्या, “मी खरं तेच सांगितलं. त्याला कशाला पेढे?” एक पेढा गिऱ्हाइकाला दिला, बाकीचे मला परत.

मग अक्कांचे हात थरथरायला लागले. आधी कप बशीवर वाजायचा, मग ब्रश धरवेना. डॉक्टरनं जे नाव सांगितलं ते त्यांनी एकदाच उच्चारलं आणि विषय बंद केला. त्यांची कात्री हॉलमध्ये दिसेनाशी झाली. आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. ज्यांची झाडं, खांब, माणसं त्यांनी सगळ्यांसमोर उपटली होती, ते सगळे अक्कांचं कौतुक करायला लागले. त्या त्यांच्या शिवाजीनगरच्या गल्लीचा डायोरामा बनवत होत्या. अप्पांचं दुकान, मशीनवर अप्पा, रस्ता, खांब, तारा. फोनवरच्या ग्रुपवर फोटो आला की खाली टाळ्या आणि बदाम. कार्तिकनं त्यांच्या थरथरत्या हाताचा व्हिडिओ काढला, गोंदाचा थेंब भलतीकडेच पडतोय असा, आणि मागे बासरी लावून टाकला. हजारो लोकांनी बघितला. कार्तिक वाईट माणूस नाही, त्यात त्याला खरंच काही चुकीचं दिसलं नाही. वर्षाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. अक्कांची गल्ली मधोमध, दारासमोर ठेवायची असं ठरलं.

त्या आठवड्यात दुपारी अक्कांचा फोन आला. “वर ये.”

गल्ली खिडकीपाशी टेबलावर होती. शेजारी तो स्टीलचा डबा. अक्का खुर्चीत, हात मांडीखाली दाबून बसलेल्या.

“मला कशाला बोलावलंत, अक्का?”

“हुशार लोकांनी फुलं पाठवली. म्हटलं मूर्खाला विचारावं.” त्यांनी हनुवटीनं टेबलाकडे खूण केली. “परवा ही दारासमोर ठेवणार. शहरातल्या ज्याचं ज्याचं मी काढलं तो येऊन बघणार. तेव्हा विचारते आहे, निपाणी. ठेवण्यासारखी आहे?”

“छान झाली आहे, अक्का, म्हणजे...”

“हे कार्तिककडे फुकट मिळतं. कात्री घे.”

मी हनुवटी टेबलाला टेकली. एक डोळा मिटला. खरं सांगतो, तेव्हा देवाकडे मागितलं की वरून दिसतं त्यापेक्षा खालून बरं दिसू दे. दिसलं नाही. गोंद जागोजागी चमकत होता. तारा झोळ पडण्याऐवजी वर उचलल्या होत्या. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं एकमेकांत गेली होती.

“खांब,” मी म्हणालो.

“काढ.”

काढला. डब्यात वाजला.

“अजून?”

“पाटी.”

“काढ. तोंडानं काय सांगतोस, हात चालव.”

तारा, पायरी, कापडाचे तागे. मी काढत गेलो. मग अप्पांपाशी आलो आणि थांबलो. करंगळीच्या पेराएवढे अप्पा, डोक्यावर काळी टोपी, मशीनवर वाकलेले.

“अप्पा आहेत ते,” अक्का म्हणाल्या. पहिल्यांदाच न विचारता काही सांगितलं.

“माहीत आहे. पाय पायडलला टेकत नाही, अक्का. मशीन चालणार नाही.”

खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

“काढ.”

“राहू दे की.”

“तुझं झाड मी राहू दिलं होतं?”

मी अप्पांना काढलं. डब्यात टाकताना आत बघितलं तर तळाशी माझं झाड होतं. झाडूच होता तो. अप्पा त्याच्यावर जाऊन पडले.

शेवटी टेबलावर नुसता रस्ता राहिला. तो हात चांगले असतानाचा, सँडपेपरचा, खडूची धूळ मारलेला. मी परत वाकून बघितलं, कडेची गटाराची फरशी बघितली, टायरचे डाग बघितले.

“रस्ता?” अक्कांनी विचारलं.

“रस्त्याला कात्री लागत नाही.”

“सरी, ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “मग तो घेऊन जा. इथे राहिला तर मी त्याच्यावर पुन्हा काहीतरी लावत बसीन.” मी जिन्यात होतो तेव्हा आतून डबा जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. पडला की फेकला, माहीत नाही. मी वर गेलो नाही.

प्रदर्शनात दारासमोर दुसऱ्याच कुणाचा तरी पेट्रोल पंप लागला. गल्लीचं काय झालं ते कळल्यावर कार्तिकनं मला एका कोपऱ्यात घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “आजारी बाईशी असं कोण वागतं रे?” मी म्हणालो, त्यांनी विचारलं होतं. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं. अक्का स्वतःच बाहेर पडल्या. त्या दिवसापासून त्यांनी ब्रश हातात घेतला नाही. मी खरं बोललो नसतो तर त्या आणखी वर्षभर तरी काही ना काही चिकटवत राहिल्या असत्या, हा विचार मला काम करतानाही सोडत नाही. झाकण लावताना थांबतो तसाच याच्यापाशीही थांबतो.

सुट्टीच्या दिवशी मी अजून दुकानात जातो. गल्ल्यावर बसलेल्या असतात, बटणं वेगळी करायला आता एक पोरगी ठेवली आहे. मला बघून समोर जे कुणी गिऱ्हाईक असेल त्याला सांगतात, “हा निपाणी. ह्यानं माझ्या बापाला मशीनवरनं उठवलं.” गिऱ्हाईक गोंधळून हसतं. ती शिवी आहे की ओळख, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून आजवर कळलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. विचारलं तर त्या सांगतील.

रस्ता माझ्या खोलीत आहे. मी अप्पांचा पाय बनवतो आहे, फक्त पाय. आतापर्यंत केलेले सगळे टाकून दिले. कधीतरी तो पायडलला टेकेल. मग मशीनवर अप्पा बसतील, मग खांब येईल, झोळ पडलेल्या तारा, पाटी, तागे आणि कोपऱ्यावर एक झाड. ती गल्ली घेऊन मी शिवाजीनगरला जाईन, अक्कांसमोर टेबलावर ठेवीन आणि विचारीन. त्यांनी नुसतं बोट दाखवावं. काय काढायचं ते मी काढीन.