बटणमावशीचे शिवलेले शेवट

गल्लीत तिला सगळे बटणमावशी म्हणत, कारण उभा जन्म तिनं बटणं, दोरे आणि लेस विकण्यात घालवला. खरं तर पुस्तकमावशी म्हणायला हवं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की तिला आधी गोष्टीतून बाहेर यावं लागे, आणि ते तिच्या अगदी जिवावर येई. कुणी ‘पांढरी, चार भोकांची’ म्हटलं की ती पानात बोट घालून दुसऱ्या हातानं डबा काढी, तोही न बघता. क्वचित काळ्याच्या जागी निळी बटणं जात. तेव्हा समजायचं की कादंबरीत काहीतरी भयंकर चाललं आहे.

वाचायला तिला काहीही चाले. थोर म्हणून मान्यता पावलेले जाडजूड ग्रंथ आणि मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेली बाई असलेल्या रहस्यकथा ती एकाच उशाशी ठेवी. “झोप उडवली म्हणजे पुस्तक चांगलं,” असं तिचं साधं मत होतं, आणि मोठमोठ्या टीकाकारांनी याहून वेगळं काय सांगितलंय ते मला तरी ठाऊक नाही.

पण तिची एक खोड होती. लहानपणी तिनं वाचनालयातून एक कादंबरी आणली, तिची शेवटची पानं कुण्या मेल्यानं फाडून नेली होती. आधी ती रडरड रडली. मग मात्र त्या कादंबरीतली माणसं तिच्याबरोबर शाळेत आली, जेवायला बसली, तिच्याशी भांडली. इतर पुस्तकांतली माणसं पुस्तक संपताच आपापल्या घरी निघून जात, ही राहिली. तेव्हापासून तिनं ठरवलं, की जे पुस्तक जिवापाड आवडेल त्याचं शेवटचं प्रकरण वाचायचं नाही. मोह नको म्हणून ती त्या पानांच्या कडेला दोऱ्यानं कच्चा टाका घाली. शिंपी पक्क्या शिलाईआधी घालतो तसा, ओढला की निघणारा. म्हातारपणी निवांत बसून एकेक उसवायचं, असा बेत होता. रहस्यकथांना हा नियम नव्हता. खुनी कोण हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

तिचा नवरा प्लंबर. पाइपांच्या किमतींपलीकडे त्यानं आयुष्यात काही वाचलं नव्हतं. “लोकांच्या घरात काय चाललंय ते मला मोरीतच कळतं, कादंबरी कशाला पाहिजे?” असं म्हणे. तरी कामावरून येताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तिच्यासाठी एखादं उचलून आणी, हातात तोलून, जड असेल ते.

दुकान लेकीच्या हाती सोपवून मावशी आता उसवायला बसणार, तोच डोळ्यानं दगा दिला. एका डोळ्यानं तिला मुळात अंधुकच दिसे, आणि आता चांगल्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “पालथं पडून राहायचं. डोळा चोळायचा नाही, वजन उचलायचं नाही, आणि रडायचं तर अजिबात नाही. नजर किती परत येते ते नंतर कळेल.”

घरी आल्यावर मावशी पालथी पडूनच म्हणाली, “अहो, ती शिवलेली पुस्तकं काढा.”

“आत्ता?”

“मग कधी? नजर नाहीच आली तर ती सगळी माणसं अशीच लटकत राहतील, आणि मीही. तुम्ही वाचून दाखवा.”

नवऱ्यानं चष्मा लावला, दोरा ओढला आणि ओळीवर बोट ठेवून, गंजलेला नट फिरवावा तसं एकेक वाक्य सोडवायला सुरुवात केली. पहिल्या पुस्तकातला खलाशी वादळातून पोहत किनाऱ्याला लागला, बायकोला भेटला आणि लगोलग त्यानं छपरावरची गळकी टाकी दुरुस्त केली. मावशीला फार बरं वाटलं, टाकीचं तेवढं नवल वाटलं. दुसऱ्यातली राणी कैदेतून सुटली आणि तिनं राज्यात घरोघर नळ दिले. तिसऱ्यात दोघा भावांचं पिढीजात वैर सामायिक पंप बसवल्यावर मिटलं.

“मोठे लेखक शेवटी शेवटी पाण्यावर फार येतात हो,” मावशी उशीतून म्हणाली.

“पाण्याशिवाय आहे काय?” नवरा म्हणाला. वाचता वाचता तो मधेच थांबे, स्वयंपाकघरात जाई, नाक शिंकरून परत येई. “सर्दी हटत नाही,” म्हणे. मावशीनं लेकीकरवी त्याला वाफ घ्यायला लावली. तीही त्यानं मुकाट्यानं घेतली.

यथावकाश डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. मावशीला आधी खिडकी दिसली, मग समोरच्या पांढऱ्या कोटावरचं लोंबकळणारं बटण. “हे आज पडणार बघा,” ती म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. थोडं थोडं वाचायची परवानगी मिळाली.

घरी येताच तिनं खलाशाचं पुस्तक घेतलं. तो शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर बुडाला होता. त्याची बायको शेवटच्या ओळीपर्यंत किनाऱ्यावर वाट बघत उभी होती. टाकीचा कुठे पत्ता नव्हता. मावशीनं दुसरं पुस्तक उघडलं. राणी कोठडीतच मरून गेली होती. तिसरं तिनं उघडलंच नाही.

नवरा मोरीत नळाचा वॉशर बदलत होता. ती दारात जाऊन उभी राहिली.

“अहो, खलाशी बुडाला.”

त्याचा हात थांबला. “बघितलंस होय तू?”

“राणी पण गेली.”

“ते दोघं भाऊ पण,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “एकसुद्धा जगला नाही गं. आवडायला तुला नेमकी मरणारीच माणसं कशी सापडली? रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं तुला. मग मी काय करणार?”

“आणि तुमची सर्दी?”

तो हातातला पाना उलटासुलटा करून बघत राहिला.

मावशीला एकदम सगळं कळलं. जन्मात कादंबरी न वाचलेल्या या माणसानं तिच्या वाटचे सगळे मृत्यू एकट्यानं वाचले होते, आणि तिला तेवढी जिवंत माणसं वाचून दाखवली होती. इतका जीव कुणी कुणाला लावल्याचं तिला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून पोटभर रडली, आणि मग त्या सामायिक पंपाची आठवण होऊन तितकीच हसली.

“पण मला एक सांग,” नवरा वॉशर बसवत म्हणाला, “तो खलाशी मुळात घर सोडून गेला कशाला? मला नुसते शेवटच माहीत.”

“बुडणार हे ठाऊक असून ऐकणार?”

“आधी काही बरे दिवस असतील ना त्याचे? ते ऐकतो.”

मावशीनं शेवट न वाचलेल्या पुस्तकांना पुन्हा टाके घातले आणि संध्याकाळी डोळ्याला झेपेल तेवढं त्याला पहिल्या पानापासून वाचून दाखवू लागली. खलाशी लहानाचा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्यानं जहाज धरलं. शेवटचं प्रकरण आलं तेव्हा तिनं पुस्तक नवऱ्याच्या हातात दिलं.

“हे तुम्ही वाचा,” ती म्हणाली, “मागे वाचलंत तसंच.”

त्यानं चष्मा सारखा केला, ओळीवर बोट ठेवलं आणि खलाशाला पुन्हा एकदा पोहायला लावलं.