कंट्रोलर साहेब भेटायला आले

डेपोत त्याला सगळे टाकी म्हणत. बसच्या ड्रायव्हर सीटवर बसला की पाळी संपेपर्यंत मुतायला उतरायचा नाही, म्हणून. हौस नव्हती ती. शेवटच्या थांब्यावर गाडी लागली रे लागली की कंट्रोलर खिडकीतून ओरडायचा, "चल, काढ!" उतरला तर उशिराचा शेरा. मग ड्रायव्हर लोक सकाळपासून पाणी पिणंच तोडायचे. तोंडाला कोरड पडली तरी बेहत्तर.

एकदा मात्र भरल्या बसमध्ये, सीटवरच, झालं. कंट्रोलरनं ते अख्ख्या डेपोत मीठमसाला लावून सांगितलं. वर म्हणाला, "ह्याला कुणीतरी लंगोट शिवा रे." पुढं लघवी पार तुंबली आणि प्रोस्टेटचं ऑपरेशन करावं लागलं. वयानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. टाकीनं मान डोलावली. पण मनात धरलं होतं कंट्रोलरलाच.

आता लघवीची नळी निघून तो घरी आला होता. खाट ते संडास, एवढाच त्याचा मार्ग. मुतताना अशी आग व्हायची की भिंत धरावी. नुसता खोकला आला तरी पायजमा ओला. "भरपूर पाणी प्या, जोर करू नका," असं बजावलेलं, म्हणून बायको तांब्या घेऊन सारखी मागं.

एका दुपारी तीच धावत आली. "अहो, कंट्रोलर साहेब आलेत. नीट बोला. गेटवरची बसून करायची ड्युटी त्यांच्याच हातात आहे."

"येऊ दे की. लिंबाचं सरबत कर. चांगला जग भरून कर."

साहेब उन्हातून आलेले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "काय टाकी, गळती थांबली का?"

"थांबेल, साहेब. घ्या ना. सोबत असली की मलाही पाणी जातं."

सरबत झालं, पाणी झालं, चहा झाला, परत सरबत. साहेब गेटच्या जागेवर आणि शिस्तीवर बोलत राहिले. मग त्यांचे गुडघे एकमेकांना घासायला लागले. ती घासाघीस टाकीच्या चांगलीच ओळखीची होती.

"बाथरूम कुठंय रे तुमचं?"

"हे काय, समोरच. एकच आहे." एवढं बोलून टाकी स्वतःच उठला, आत गेला आणि कडी घातली.

दार वाजलं. "अरे, आटप!"

"थेंब थेंब येतंय, साहेब. जोर करायला मनाई आहे."

"दोन मिनिटं बाहेर ये, बाबा!"

"सीट सोडता येत नाही, साहेब."

खुर्ची करकरली, साहेब परत जाऊन बसले होते. बायको दारावर थापा मारायला लागली. "अहो, लाज सोडलीत का?" आत टाकी तोंडात मूठ कोंबून हसत होता. हसता हसता त्याचंही होत होतं, आग होत होती, तरी हसू थांबेना.

मग बायकोचं "अगं बाई!" ऐकू आलं. तेव्हा त्यानं कडी काढली.

साहेब पँटपुढं हातातली बॅग धरून उभे होते. खुर्ची चिंब.

"बसा की, साहेब. चहा आहे अजून."

साहेब चपला हातात घेऊनच जिना उतरले.

"गेली गेटची ड्युटी," बायको म्हणाली.

"गेली. तू खुर्ची पुसू नकोस. संध्याकाळी डेपोतले सगळे यायचेत."

तिनं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "घाण तुम्ही केलीत, तुम्हीच पुसा!"

"वाकू नको म्हणालेत डॉक्टर," टाकी म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला.