वाट न पाडणारा माणूस

खुर्चीत बसला तरी त्याचे पाय टेबलाखाली चालतच असायचे. महाल भागातल्या एका शाळेत आम्ही दोघं शिक्षक; तो चित्रकला शिकवायचा. सकाळी काटोल रस्त्यापलीकडच्या माळावर भटकून यायचा आणि मधल्या सुट्टीत मोज्यांतली कुसळं उपटत बसायचा.

"काय करतोस रे तिथं?" मी एकदा विचारलं.

"चित्र काढून राहिलो."

"दाखव की."

"दिसलं म्हंजे बिघडलं, गा."

त्याचा नियम एकच. काल पाऊल पडलं तिथं आज टाकायचं नाही. दहा वर्षं तो चालला आणि माळावर वाट पडू दिली नाही. "वाट पडली का मानूस पाहणं सोडते," म्हणायचा. मुख्याध्यापकांना हा कामचुकारपणाचा नवा प्रकार वाटे. मलाही फार वेगळं वाटत नव्हतं.

मग सदर भागातल्या एका कलादालनाला तो सापडला. गुळगुळीत पत्रिका निघाली. तीत 'देह आणि भूमी यांचा संवाद' होता. कोण काय बोललं ते छापलं नव्हतं. उद्घाटन माळावरच ठरलं.

"तू हो कसा म्हणालास?"

"दहा वर्षांत कोनी पहिल्यांदा इचारलं, गा." पाय हलतच होते.

चाळीसेक पाहुणे आले. त्यानं हात जोडले. "पसरून चाला. एकामागं एक चालू नोका."

तो पुढं निघाला. पहिलं कुसळ एका रेशमी साडीत घुसलं आणि बाई त्याच्या मागं सरकल्या. कुसळी गवतात पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचं, हे आपल्याकडे लहानपणीच अंगात मुरतं. पाचव्या मिनिटाला सगळे एका ओळीत होते. मीही. माझे बूट नवे होते.

माळ संपल्यावर तो वळला. गवताच्या मधोमध सरळ, स्वच्छ वाट पडली होती. टाळ्या वाजल्या. प्रमुख पाहुण्यांना चित्र एकदाचं दिसलं होतं.

तो माझ्या बुटांकडे पाहत म्हणाला, "तू बी मागं मागंच आला, गा?"

नंतर आठवडाभर तो हातांनी गवत उभं करत होता. पण सकाळी फिरायला येणाऱ्यांना वाट आवडली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत त्याचा राजीनामा आला, टपालानं. त्यावर पत्ता नव्हता.

परवा शाळेत जाण्याआधी माळावर गेलो. वाटेच्या कडेला आता बाक आहे. वाट सोडून वीसेक पावलं गवतात शिरलो आणि मागं पाहिलं. मी आलो तेवढं गवत वाकलं होतं. ते उभं राहीपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं. पहिला तास बुडाला.