चेकच्या वाफ्यातलं गवत

आधीच सांगून ठेवतो, मी डोक्यानं गरम आहे. घरचे म्हणतात, गावही म्हणतं, आणि मला ते मान्य आहे. पण गेल्या खरिपात माझ्यावर जो आळ आला तो खोटा होता. तो कुणामुळं आला हे कळलं, तेव्हा मला रागावताच आलं नाही. म्हणून ही धोंडाबाई काकीची गोष्ट सांगतो.

काकी म्हणजे माझी चुलती. वय सत्तरीच्या पुढं, नक्की किती ते तिलाही माहीत नाही. माहेर घाटघरचं, तिकडं सगळा भात. पंधराव्या वर्षी लग्न होऊन निमगाव सावाला आली तेव्हा तिला बाजरी आणि बाजरीतलं गवत सारखंच दिसायचं. पहिल्याच पावसाळ्यात तिनं गवत म्हणून बाजरीची रोपं उपटली आणि सासूनं सगळ्या बायकांसमोर तिला वाट्टेल ते सुनावलं. ते तिला फार लागलं. दुसऱ्या वर्षापासून दोन पानांवर आलेलं रोप बघून ती सांगायची, हे पीक आणि हे तण. काका लवकर गेले. मग खुरप्यावर दोन पोरी वाढवल्या, त्यांची लग्नं करून दिली. खुरपायला बारा बायका असल्या तरी पहिली पात, म्हणजे खुरपत जायची पट्टी, काकीची, आणि तिच्या पातीत मागं वळून बघायची गरज नाही. आता ती आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एक शेळी घेऊन राहते. तिला म्हटलं, काकी आता बस घरी, तर म्हणते, "बसून काय करू, भरत? मला बसायला येतच न्हाई."

गेल्या जूनमध्ये हर्षाली आली. कळंबची पोरगी, शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिला सोयाबीनमधल्या तणावर प्रयोग करायचा होता. आदल्या वर्षी कॉलेजच्या रानात केलेला प्रयोग पाणी साचून वाया गेला होता. म्हणून तिला निचऱ्याची जमीन हवी होती, आणि माझं विहिरीकडचं रान तिला आवडलं. मी दिलं. घरात सगळ्यांनी विचारलं, यातून आपल्याला काय मिळणार? मी म्हटलं, अक्कल मिळाली तर बघू.

तिनं दोरी लावून वीस वाफे आखले. चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात पाच वाफे, प्रत्येक वाफ्यात वेगळी तऱ्हा. एकात दोनदा खुरपणी, एकात पेरणी झाल्या झाल्या तणनाशक, एकात वीस दिवसांनी मारायचं तणनाशक, एकात ओळींमधून उसाचं पाचट पसरायचं, आणि पाचव्यात काहीच करायचं नाही. फवारणी माझ्याकडं आणि खुरपणी काकीकडं. पाचव्या वाफ्याला ती चेक म्हणायची. अशी प्रत्येक पट्ट्यात एक, मिळून चार चेक.

पहिल्याच दिवशी तिनं काकीला बांधावर उभं करून समजावलं.

"आजी, या वाफ्याला हात लावायचा नाही. गवत कितीही वाढू दे."

"आन सोयाबीनचं काय?"

"ते दबलं तर दबू दे. गवत पिकाचं किती खातं तेच तर मोजायचंय."

काकीनं माझ्याकडं पाहिलं. पोरगी चांगल्या घरची दिसते, मग असं का बोलते, असा तिचा चेहरा झाला. पण शब्द दिला. "न्हाई लावणार हात," म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस हर्षाली कागद घेऊन काकीच्या मागं मागं फिरायची. तिच्या पुस्तकात तणांची लांबलचक नावं आणि मोठ्या झाडांचे फोटो होते. रानात मात्र नखाएवढी रोपं उगवलेली. काकी बोटानं दाखवायची. हा केना, उपटून तिथंच टाकला तर ओल्या मातीत परत धरतो. हा कुर्डू, कवळा असला तर भाजी. हा माठ, हा लव्हाळा, याची गाठ खाली राहिली तर खुरपून काय फायदा. पोरगी लिहून घ्यायची आणि रात्री पुस्तकाशी ताडून बघायची. एकदा मला म्हणाली, "भरतदादा, आजींचं अजून एकही चुकलं नाही." मला उगाच अभिमान वाटला, म्हणजे जसं काही मीच शिकवलं होतं.

विसाव्या दिवशी पहिली मोजणी झाली. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लोखंडी चौकट वाफ्यात ठेवायची आणि आतलं एकेक तण मोजायचं. चारी चेकमध्ये ऐंशी-नव्वदच्या आसपास भरली. हर्षाली खूश.

चाळिसाव्या दिवशी गडबड झाली. तीन चेकमध्ये दीडशेच्या घरात तणं, आणि पहिल्या पट्ट्यातल्या चेकमध्ये एकतीस. तिनं चौकट उचलून दुसरीकडं ठेवली, अठ्ठावीस. तिसरीकडं ठेवली, चौतीस. शेजारच्या फवारलेल्या वाफ्यातही एवढं कमी गवत नव्हतं. पोरगी चौकट तिथंच टाकून बांधावर बसली.

"दादा, रागावू नका," ती म्हणाली. "पण तुमच्याकडून फवारताना हा वाफा चुकून झाला का?"

झालं. माझं डोकं फिरलं. "मी काय आंधळा आहे का? फवारलं असतं तर पानं पिवळी पडली असती, वाळकं गवत दिसलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतेस होय?"

डोळे भरून आले तिचे. मग सगळं सांगितलं. शुक्रवारी तिचे सर रान बघायला येणार होते. हा आकडा कसा आला याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. एका वाफ्याचा भरवसा नाही म्हटल्यावर सर बाकीच्या एकोणीस वाफ्यांवर तरी कसा विश्वास ठेवणार? प्रयोग बाद झाला तर अजून एक पावसाळा. आणि घरून निक्षून सांगितलेलं की हे शेवटचं वर्ष, नाहीतर शिक्षण इथंच थांबव. मी जे ओरडलो होतो त्याची मला लाज वाटली. पण माफी मागायची सवय नाही, म्हणून नुसतं म्हणालो, "बघतो मी कोण आहे तो."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत दबा धरून बसलो. तो वाफा पाऊलवाटेला लागून, लांबट, रुंदीला जेमतेम दहा फूट. कोणी येऊन गवत कापून नेत असेल तर तिथूनच नेणार. दुपारपर्यंत वाटेनं कोणी म्हणजे कोणी आलं नाही. फक्त काकी दोनदा शेळीला पाणी पाजायला घेऊन गेली, पण काकीला काय धरायचं? ती घरचीच.

चार वाजता कंटाळून बाहेर आलो आणि तिच्याबरोबर चालायला लागलो. चेकच्या कडेनं जाताना सगळी तक्रार तिच्यापुढं ओतली.

"कुणीतरी मुद्दाम करतंय, काकी. पोरीचं वाटोळं व्हायची वेळ आली."

"कुणाच्या हाताला किडं पडलं म्हणायचं," काकी म्हणाली. "एवढी गुणाची पोर. म्या तर त्या वाफ्याकडं बगत बी न्हाई. भैरोबाची आन, एक काडी उपटली आसंल तर..."

आणि हे बोलता बोलता ती वाकली, एक पाय वाफ्यात टाकला, कुर्डूचं झाड मुळासकट उपटलं, माती झटकली आणि ओटीत टाकलं. चालणं थांबलं नाही की बोलणं थांबलं नाही.

मी जागच्या जागी उभा राहिलो. "काकी, ओटीत काय हाय?"

तिनं ओटीत पाहिलं. शेळीपुरतं गवत होतं. केना, माठ, कुर्डू. रोज संध्याकाळी ती अशीच ओटी भरून घरी यायची आणि शेळीपुढं टाकायची. आम्ही सगळे रोज ते बघत होतो, आणि हे गवत येतं कुठून असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मीच. दिवसातून चार खेपा, प्रत्येक खेपेला वीस-पंचवीस काड्या, आणि वीस दिवस.

काकी मटकन खाली बसली. दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिली. "मला खरंच ठावं न्हाई रं, भरत," एवढंच म्हणाली. मी तिच्यावर ओरडणार होतो, तोंडात शब्दही आले होते, पण तिच्याकडं बघून ते बाहेर पडेनात.

संध्याकाळी ती जेवली नाही. पोरीचं शिक्षण माझ्या हातानं बुडालं, हेच एक धरून बसली. मी म्हटलं, "एवढं काय त्यात? शेळी सुटली व्हती, तिनं खाल्लं, आसं सांगू. शेळीला कोण जाब विचारतंय."

"शेळीवर नको घालू," काकी म्हणाली. "शेळी शेंडं खाती. मुळं न्हाई उपटत. तो साहेब शिकल्याला हाय, त्याला कळल."

मग म्हणाली, "म्याच सांगते."

हर्षालीला आम्ही शुक्रवारी सकाळी सांगितलं. हसावं का रडावं तिला कळेना. माझ्याकडं बघून "दादा, मी तुमच्यावर आळ घेतला" म्हणाली, तेव्हा मी नुसता हात हलवला. तेवढ्यात बांधावर गाडी थांबली.

सर उंच, कमी बोलणारे. एकेक वाफा बघत चालले होते. पहिल्या पट्ट्यातल्या चेकपाशी थांबले. वहीतला आकडा पाहिला, गवत पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला. हर्षालीनं तोंड उघडायच्या आत काकी पुढं झाली.

"साहेब, पोरीची चूक न्हाई. फवारणारा बी चुकला न्हाई. माज्या हाताची चूक हाय."

आणि सगळं सांगितलं. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "आजी, काय काय उपटलंत?"

"कुर्डू, केना, माठ. शेळी खाती ती. गाजरगवताला हात लावला न्हाई, ते शेळी खात न्हाई. लव्हाळा तुटतो, त्याच्या नादाला म्या लागत न्हाई."

सर खाली बसले आणि वाफ्यात बघितलं. खरंच, लव्हाळा आणि गाजरगवत जसंच्या तसं उभं होतं. त्यांनी मान डोलावली. मग उठून त्यांनी जे विचारलं, त्याला आम्ही तिघंही घाबरत होतो.

"बाकीच्या तीन चेकना हात लागलाय का?"

काकी डोळे मिटून आठवायला लागली. हर्षालीनं माझ्या बाहीचं टोक घट्ट धरलं होतं, तिच्याही ध्यानात नसेल.

"न्हाई," काकी म्हणाली. "तिकडनं माजी वाटच न्हाई. शेळीचं पाणी हिकडं, घर हिकडं. ती तीन लांब हायेत."

सर स्वतः जाऊन ते तिन्ही वाफे बघून आले. तिथं गवत गुडघ्याला लागत होतं, कुर्डूसकट. परत येऊन म्हणाले, "वीसमधला एक वाफा गेला तर प्रयोग मरत नाही. त्या एका जागेचा हिशोब करायची रीत आहे. भीती असते ती कारण न कळण्याची. कारण कळलंय, आता ते वहीत लिही. जसं झालं तसं लिही."

हर्षालीनं तिथंच बांधावर बसून लिहिलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि ती पोरगी लिहिता लिहिता एकदम हसायला लागली, डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. काकीचा हात धरून म्हणाली, "आजी, तुम्ही सांगितलं नसतं तर मी मेलेच होते." काकीनं पदरानं तिचा चेहरा पुसला. जाताना सर माझ्याकडं बघून म्हणाले, "पुढच्या वेळी चेक वाटेच्या कडेला ठेवू नका." मी म्हटलं, "साहेब, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. वाटच हलवावी लागंल." काकी पण हसली, दोन दिवसांनी पहिल्यांदाच.

आणि वाट खरोखर हलली. त्या दिवसापासून काकी शेळीला मागच्या ओढ्याकडनं फिरवून पाण्यावर न्यायला लागली, निम्मं अंतर जास्त. त्या रानातून जायचीच वेळ आली तर दोन्ही हातांनी कळशी धरायची, रिकामी असली तरी. मी चिडवायचो, "काकी, हात बांधून देऊ का?" ती म्हणायची, "हास तू. तुला काय ठावं काय व्हतंय ते." गवत फुलावर आलं, बी धरलं, आणि ती मान वळवून जायची. एवढं अवघड काम तिला आयुष्यात दुसरं पडलं नसेल.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीन काढलं. वाफ्यावाफ्याचं वेगळं मळलं आणि वेगळं तोललं. दोनदा खुरपलेल्या वाफ्यात जेवढं निघालं त्याच्या निम्मंही तीन चेकमध्ये निघालं नाही. काकीनं ते ऐकलं आणि नुसतं "बघ" म्हणाली. ते तिला पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं, आता ते हर्षालीच्या वहीतही आलं.

शेवटचं पोतं बांधून झाल्यावर हर्षालीनं चेकचे खुंट उपटले आणि काकीपुढं उभी राहिली.

"आजी, झालं. आता हे वाफे तुमचे. उपटा."

काकीनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "उपटू?"

"उपटा."

तिनं पदर खोचला आणि खुरपंसुद्धा न घेता आत शिरली. मी म्हटलं, "काकी, पीक निघालं की. आता उपटून कुणाचं भलं व्हणार?"

"पिकासाठी न्हाई रं," ती म्हणाली. मागं वळूनही बघितलं नाही. "दोन महिनं हात धरून बसले व्हते. आता सोडू दे."

दोन्ही हातांनी उपटत, माती झटकत, मागं ढीग टाकत ती पुढं सरकत होती. लव्हाळासुद्धा सोडला नाही, बोटं घालून गाठी काढल्या. थोड्या वेळानं हर्षालीनं चपला काढल्या आणि तिच्या शेजारच्या पातीला बसली. मग मीही बसलो. चारी चेक दिवस मावळायच्या आत स्वच्छ झाले, आणि काकी ओटी भरून शेळीकडं जुन्या वाटेनं गेली.